बोर्ड गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

मेअखेरच्या वळवात आमच्याकडे संध्याकाळी लाइट तीनदा गेली आणि तीनदा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा वॉशिंग मशीनमधून टक् असा आवाज झाला आणि मशीन ठप्प. आत दोन चादरी आणि सासऱ्यांचे लेंगे, साबणाच्या पाण्यात तसेच. रात्री दहाला मी आणि नवऱ्याने ते बादलीत पिळून काढले.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मुलगा आला. दहा मिनिटांत त्याने निकाल दिला, "मॅडम, बोर्ड गेला." बोर्ड म्हणजे मशीन चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट. नवा बोर्ड साडेसात हजार, मजुरी वेगळी. मशीनला सहा वर्षं झालीत, त्यात थोडे पैसे घातले की नवीनच येईल, असंही त्याने सुचवलं. मी विचारलं, बोर्डातलं नेमकं काय गेलं? तो म्हणाला, "ते बघत नाहीत, बोर्डच बदलतात." त्या मुलावर माझा अजिबात राग नाही. त्याला तेवढंच शिकवलंय आणि दिवसाला दहा घरं करायची असतात. पण ते "बघत नाहीत" माझ्या डोक्यातून जाईना.

सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "अगं, कुणाला तरी उघडून बघायला तरी सांग." हे त्यांनी म्हणणं साहजिक होतं. त्यांचा १९८५ साली घेतलेला सुमीत मिक्सर अजून आमच्या घरात चटणी वाटतो. तो उलटा केला की तळाला चिकटपट्टीचे तुकडे दिसतात, त्यावर बॉलपेनने लिहिलेलं: 'कार्बन ब्रश, दिवाळी ९४', 'कपलर, गौरी-गणपती २००३', 'बुश, २०११'. अक्षर त्यांचंच. दर वेळी कोपऱ्यावरच्या दुकानात शे-दोनशे रुपयांत काम झालं, कारण ब्रश सुटा मिळतो, कपलर सुटा मिळतो आणि तळाचे चार स्क्रू साध्या पेचकसाने निघतात.

सुमीतचा जन्मच मुळी दुरुस्तीच्या अडचणीतून झालेला. मुंबईत सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेले सत्यप्रकाश माथुर. त्यांच्या घरातला जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्या वाटणाघाटणाने बंद पडला आणि इथे दुरुस्त होईना. तेव्हा त्यांनी आपल्या स्वयंपाकाला पुरेल अशी मोटर स्वतःच बसवून घेतली. ही १९६०च्या दशकातली गोष्ट. बाहेरून आलेलं यंत्र इथे उघडता येत नाही, ही अडचण साठ वर्षांपूर्वीही होती. आज इथेच जुळवलेल्या यंत्राचीही तीच गत आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर मी बोर्ड काढून घेतला आणि पुण्याच्या बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. दोन दुकानांनी नाही म्हटलं. तिसऱ्या माणसाने, साठीच्या आसपासचे असतील, बोर्ड हातात घेऊन आधी वास घेतला. म्हणाले, "जळका वास आहे ताई, म्हणजे जागा सापडेल." त्या बोर्डावर पारदर्शक रबरासारखा जाड लेप ओतलेला असतो. त्यांनी हॉट एअर गनने तो गरम केला आणि ब्लेडने कडेकडेने खरवडायला लागले. साय काढावी तसे तुकडे निघत होते. पाऊण तास लागला. खाली एक निळी चकती होती, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, मधोमध फुटलेली, काळी पडलेली. शेजारी जळलेला फ्यूज.

त्या चकतीला व्हॅरिस्टर म्हणतात. व्होल्टेज एकाएकी चढलं की तो करंट स्वतःवर घेतो, फ्यूज उडतो आणि बाकीचा बोर्ड वाचतो. म्हणजे त्या रात्री त्याने आपलं काम चोख केलं होतं. मोटर, सेन्सर, प्रोग्रामची चिप सगळं धडधाकट. जो भाग जळावा म्हणूनच बसवलाय, तो जळला की सगळा बोर्ड भंगारात टाका, हे कुठलं शास्त्र? दोन्ही भाग मिळून पन्नास रुपयांच्या आतले. त्यांनी मजुरीसकट नऊशे घेतले. मी हजार दिले, ते शंभर परत करायला लागले.

लेप उगाच नसतो, हे मला मान्य आहे. न्हाणीघरातली ओल, झुरळं, मशीनचे हादरे यांपासून तो बोर्ड वाचवतो. पण मग फ्यूज आणि व्हॅरिस्टर लेपाबाहेर, झाकणाच्या डबीत बसवता येत नाहीत का? जुन्या मीटरच्या फ्यूजची तार घरोघरी बायकांनीसुद्धा बदलली आहे. हा निर्णय कुठेतरी ड्रॉइंगच्या टेबलावर होतो आणि त्याचे पैसे आपण मोजतो.

आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, दुरुस्तीची माहिती एका जागी देणारं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं असे चार गट त्यात आहेत. सुरुवात चांगली आहे, पण मला हवीय ती माहिती खरेदीच्या वेळी, वस्तूवर चिकटवलेली. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दहापैकी गुण लिहावे लागू लागले: खोलायला किती सोपी, सुटे भाग मिळतात का, किती किमतीला. आपण विजेचे स्टार बघून फ्रिज घेतो ना? तसेच दुरुस्तीचे गुणही बघून घेऊ. आपल्या बायांना हिशेब शिकवावा लागत नाही.

मागच्या रविवारी फ्रिज बघायला गेलो होतो. मी तीन गोष्टी विचारल्या: बोर्डाची आजची किंमत काय, तो किती वर्षं मिळेल, फ्यूज वेगळा बदलता येतो का. विक्रेत्या मुलाने वीस मिनिटं फोनवर घालवली. किंमत कळली. बाकी दोन्हींचं उत्तर आलं नाही. त्याने माझा नंबर लिहून घेतलाय. येत्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे, आणि तीन उत्तरं कागदावर मिळाली तरच पैसे भरणार आहे.