अण्णांची सनद

बायकोचे चुलते अण्णा रविवारी दुपारी, मी नुकता आडवा झालो होतो तेव्हा, पिशवी घेऊन हजर. "जावईबापू, चष्मा लावा." पिशवीत घराण्याची सनद. शिवकालीन. आणि लॅमिनेट केलेली! वाळवी, उंदीर आणि भावाभावांच्या वाटण्या यातून वाचलेला कागद या माणसाने झेरॉक्सवाल्याकडून प्लास्टिकमध्ये भाजून आणला होता, आणि वर "आता काय होत नाय त्याला."

कागद मोडीत, म्हणजे जुन्या मराठी कागदांच्या लिपीत, आणि घरात ती वाचणारा मी एकटा. मोडी शिकताना हे कुणी सांगत नाही. शिकणं स्वस्तच आहे, सरकारी पुराभिलेखवाले वर्ग घेतात, बाराखडी पाठ झाली की आपण जिंकलो असं वाटतं. मग पेशवाईतला खरा कागद समोर येतो. आधी आडवी रेघ ओढून घेतलेली, तिच्याखाली अक्षरं लटकवत गडी बोरू न उचलता जो सुटलाय तो ओळ संपल्यावरच थांबतो, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही. मग भिंग येतं, मग मोठं भिंग, मग चष्म्याचा नंबर वाढतो, जंत्री, फारसी-मराठी कोश, स्कॅन ठेवायला हार्ड डिस्क. आणि तारखा अरबीत! "सन इसन्ने सबैन मया व अलफ" म्हणजे शुहूर सन 1172, त्यात 599 मिळवायचे, म्हणजे इसवी सन 1771-72. कुणीतरी कुणालातरी बैल विकला तो कधी विकला हे कळावं म्हणून मी अरबी आकडे पाठ केलेत. 2014 ला मोडी युनिकोडमध्ये आली तेव्हा ऑफिसात पेढे वाटले, तर सगळ्यांनी मुलगा झाला का म्हणून विचारलं आणि कारण कळल्यावर अर्धा पेढा परत ठेवला. पुढे 2023 ला मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदींची शोधाशोध निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. म्हणजे इतरांना भाव आला, मला नातेवाईक आले.

तर अण्णा. मी कागद उजेडात धरला. वरच्या कोपऱ्यात स्टॅम्पाचा शिक्का, त्यात राणी व्हिक्टोरिया.

"अण्णा, हा शिवकालीन नाही."

"का?"

"शिक्क्यावर व्हिक्टोरिया आहे."

"ती कशाला येईल आमच्या गावात?"

याला काय उत्तर आहे? मी खाली शके 1795 दाखवलं, म्हणजे 1873, महाराज जाऊन तेव्हा 193 वर्षं झाली होती. अण्णा म्हणाले, "नक्कल असेल. अस्सल वरून उतरवून घेतलेली. तुम्ही मजकूर वाचा, वर्षाचं आपण नंतर बघू." वर्षाचं नंतर बघू!

मजकूर साधा होता. अण्णांच्या खापरपणजोबांनी गावातल्या सावकाराकडून पंधरा रुपये कर्जाऊ घेतले, दोन बैल गहाण, सुगीला फेडीन, खाली सहीऐवजी नांगराची निशाणी. मी वाचून दाखवलं. अण्णा बराच वेळ गप्प. मग खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवून म्हणाले, "घेतले की दिले?"

"घेतले."

"नीट बघा. आमच्याकडे देणारेच होते सगळे."

"बैल तुमचे गहाण आहेत, अण्णा."

"बरं. मग पंधराशे असतील. तेव्हा शून्यं लहान काढायचे."

मी भिंग दिलं. त्यांनी भिंगातून आधी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, तोही उलटा धरून. "इथं 'किल्ला' दिसतोय."

"तो 'केला' आहे."

"एका अक्षराचा तर फरक! जावईबापू, अहो आनंदीबाईनं ध चा मा करून आख्खा पेशवा संपवला, तुम्हाला घरच्या माणसासाठी एक किल्ला होत नाही?"

नारायणराव 30 ऑगस्ट 1773 ला गेला, आणि तेव्हापासून मोडी हा शब्द उच्चारला की समोरचा ध चा मा म्हणतोच, मी त्यावर हसणं केव्हाच सोडलंय. पण कुणी मलाच तो करायला सांगेल असं वाटलं नव्हतं. मी नाही म्हटलं. यावर ते, चहाचा दुसरा कप संपवून, हिला म्हणाले, "हुशार आहेत गं, पण सराव कमी पडतोय."

सराव कमी! दुपार गेली, डोळे चुरचुरत होते, आणि प्लास्टिकवर ट्यूबलाईट चमकून प्रत्येक ओळ तिरकं होऊन वाचलेली म्हणून मान वेगळीच धरली. गवंड्याला कुणी "सहज एक भिंत बांधून जा" म्हणत नाही. वाचायला मात्र पैसे कसले, नुसतं बघायचं तर आहे. आणि बघितलेलं आवडलं नाही तर दोष बघणाऱ्याचा, सावकाराचा नाही, बैलांचाही नाही. मला पैसे नकोच होते खरं तर. "बरं झालं सांगितलंत" एवढं तरी?

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर अण्णांचा मेसेज आला. पानाला पैसे मोजून एका वाचकाकडून टाईप करून आणलेला कागद, गोल शिक्का, सही, खाली "अखेर जाणकार व्यक्तीकडून वाचन पूर्ण." मी झूम करून बघितलं. पंधरा रुपये. दोन बैल. शब्दन् शब्द तोच. त्याला सत्तावीस जणांनी हात जोडलेत, त्यात हीसुद्धा.