टॉमची छत्री, भोकाचा पैसा आणि जॅकार्डचे पुठ्ठे

मोठी पोस्ट आहे, आधीच सांगते. वेळ असला तरच वाचा, नायतर लाईक टाकून पुढं जा, मी काय विचारायला येणार नाही.

आपल्या पोरांना इंग्रजी वाचता येत नाही म्हणून सगळेच बोंबलतात, पालक बोंबलतात, शाळावाले बोंबलतात, आम्ही शिकवणीवाले तर त्यावरच जगतो. पण आपण त्यांच्यापुढं वाचायला ठेवतो काय हे कुणी बघत नाही. हिल स्टेशनची सहल, माझा पाळीव कुत्रा, पाऊस आला आणि टॉम छत्री विसरला. आमच्या सोलापुरात अशोक चौकाच्या मागं राहणारं पोरगं, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, मित्रांत थोडं कन्नड थोडं उर्दू, इंग्रजी त्याची चौथी नायतर पाचवी भाषा, आणि एवढी झटापट करून त्या भाषेत त्याला बातमी काय मिळते, तर टॉम भिजला. भिजू दे की! त्याला काय करायचंय?

आणि उताऱ्याखालच्या प्रश्नांचं तर विचारूच नका. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ती अख्खी ओळ उचलून लिहायची, झाले दोन मार्क. मी एकदा मुद्दाम फळ्यावर कशाचाच अर्थ नसलेलं वाक्य लिहिलं, "द ग्लिप मॉर्ड द टॅव", आणि विचारलं, "हू मॉर्ड द टॅव?" सगळ्यांनी पटापट लिहिलं, "द ग्लिप". पैकीच्या पैकी! ग्लिप कोण, त्यानं टॅवचं काय केलं, एकानंही विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हेच त्यांना माहीत नाही. इंग्लिश मीडियमवाल्यांनी लगेच हसू नका, तुमची पोरं फाडफाड वाचतात आणि शेवटी काय झालं विचारलं की छताकडं बघतात.

म्हणून मी नाण्यांवर आले. कारण अगदी साधं आहे, प्रत्येकाच्या घरात कुठंतरी जुनं नाणं असतंच, देवघरात, लक्ष्मीपूजनाच्या डब्यात, आजीच्या बटव्यात. घेऊन या म्हटलं, आणि पोरांनी जे आणलं ते बघून मीच खूश झाले. भोकाचा पैसा, चौकोनी पाच पैसे, कमळाचे पिवळे वीस पैसे, एकीनं तर जॉर्ज राजाचा पाव आणा आणला. ती भिंग लावून वाचायला लागली, "जॉर्ज... व्ही आय... किंग एम्परर", आणि थांबून म्हणाली, "मॅडम, व्ही आय म्हणजे सिमकार्डवालं?" अख्खा वर्ग हसला, पण तिचं चुकलं कुठं? तिच्या आयुष्यात ती दोन अक्षरं तिथंच भेटलीत. मग रोमन आकडे आले, सहावा जॉर्ज आला, राजा आणि सम्राट दोन्ही एकाच माणसाला का म्हणायचं हा प्रश्न आला (तो त्यांनीच काढला, मी नाही), आणि त्याच्यावर मी आठ-दहा ओळींचा उतारा लिहून दिला, सोप्या इंग्रजीत, झेरॉक्स मारून.

नाण्याची मजा अशी की वाचलेलं खरं की खोटं ते लगेच हातात तपासता येतं. एका कागदावर टाकसाळीच्या खुणा लिहून दिल्या होत्या, सालाखाली चांदणी असली तर नाणं हैदराबादचं, पत्त्यातली चौकट असली तर मुंबईचं, टिंब असलं तर नोएडाचं, आणि काहीच नसलं तर कोलकात्याचं. सगळं इंग्रजीत. आता खिशातल्या रुपयावर खूण कुठं बघायची हे कळायला "बिलो द इयर" हे तीन शब्द कळावेच लागतात, तिथं ओळ उचलून लिहायची सोय नाही. जो पोरगा मला "मॅडम तुम्हीच सांगा ना" म्हणून छळायचा तो शेजारच्याला सांगत होता, "वर काय बघालायस बे, खाली बघ, बिलो लिहिलंय." (आमच्या सोलापुरात बे म्हणजे प्रेमानंच, बाहेरच्यांनी राग मानू नये.)

गोष्टी तर किती! १९११ च्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावर छोटासा हत्ती होता, सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला, बोंबाबोंब झाली, सरकारला ती नाणी मागं घ्यावी लागली आणि पुढच्या साली नवीन नक्षीत हत्ती नीट दिसेल असा काढला. ते नाणं कुठलं मिळायला, मी फोटोच दाखवला, पण तो उतारा पोरांनी न सांगता दोनदा वाचला. भोकाचा पैसा १९४३ ला आला तो महायुद्धात तांबं वाचवायला. १ एप्रिल १९५७ ला आणे गेले आणि नवे पैसे आले, रुपयाचे सोळा आणे होते ते शंभर पैसे झाले, मग एका आण्याचे किती? सव्वासहा. आता वरचा पाव पैसा द्यायचा कसा! या एका भानगडीवर इंग्रजी आणि गणित दोन्ही तास निघाले. नव्या पैशावर तर "रुपये का सौवाँ भाग" असं छापलेलंच असायचं, म्हणजे अख्ख्या देशाला नाण्यावरच शिकवणी.

आणि आपल्या भागाचं तर अजून वेगळं. तुळजापूर इंग्रजांच्या काळात निजामाच्या हद्दीत, तिकडं त्याचा हाली रुपया, इकडं इंग्रजांचा कलदार रुपया. एका पोराच्या पणजीनं दोन्ही वापरलेत, ती घरी सांगते, आणि तो माझ्याकडं येऊन म्हणतो मॅडम हे तुमच्या कागदात नाही. नाही ना, मग तू लिही. चार ओळी लिहिल्या त्यानं, स्पेलिंगचा पार चिवडा केला होता, पण चारही ओळी त्याच्या स्वतःच्या.

आता जरा गंभीर. एक पोरगी वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं घेऊन आली, काकानं सांगितलं होतं ऑनलाईन दहा लाखाला जातंय, फक्त आधी रजिस्ट्रेशन फी भरायची. मी म्हटलं थांब. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये यावरच इशारा दिलाय, की जुनी नाणी-नोटा घ्यायच्या-विकायच्या नावाखाली काही लोक बँकेचं नाव, लोगो वापरून फी, कमिशन, टॅक्स मागतायत, आणि बँक असल्या व्यवहारात पडत नाही. ते मूळ इंग्रजी पत्रक काढलं आणि वर्गात वाचलं. अवघड होतं, बँकेची भाषा, वाक्यं लांबच्या लांब. पण काकाचे पैसे वाचवायचे होते ना, त्यामुळं एकेक शब्द खोदून काढला पोरांनी, तिनं कागद घरी नेला आणि काकापुढं ठेवला. दहा रुपयाच्या नाण्याचं तसंच, आपल्याकडं किती वर्षं "चालत नाही" म्हणून परत करायचे, आणि रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच चौदाच्या चौदा डिझाईन चालतात म्हणून लेखी सांगितलेलं. हे वाचलेलं पोरगं भाजीवाल्याशी वाद घालू शकतं. टॉमच्या छत्रीवर कुणाशी वाद घालणार?

माहितीतला विषय असला की वाचलेलं कळतं, हे काय माझं डोकं नाही. १९८८ साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी शाळेतल्या पोरांना बेसबॉलच्या मॅचचा उतारा दिला होता. काही पोरं वाचनात हुशार, काही कच्ची, काहींना बेसबॉल कळतं, काहींना नाही. निघालं काय, तर वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली पोरं, हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्यांच्या पुढं गेली. आपल्याकडं क्रिकेटचा उतारा देऊन बघा, मागच्या बाकावरचे पुढं येतील.

पण याचा अर्थ नाणं दाखवलं की वाचता येतं असा लावू नका. अक्षर आणि आवाज जुळवणं आधी पक्कं पाहिजेच, त्याला शॉर्टकट नाही, ज्याला "श"चा आवाज कुठल्या दोन अक्षरांचा हे माहीत नाही त्याला शिवाजी महाराजांचा होन हातात दिला तरी तो अडणारच. आणि एक नाणं एक तास, दुसऱ्या दिवशी डायनासोर, तिसऱ्या दिवशी मंगळयान, असं पण उपयोगाचं नाही. एकाच विषयावर दोन-तीन आठवडे राहायला लागतं, कारण मग तेच शब्द फिरून फिरून येतात, धातू, कड, किंमत, साल, राजा, बनवलेलं, आणि पाचव्या उताऱ्यात पोरगं अडखळत नाही. पालकांना हेच पटत नाही. "अजून नाणीच चाललीत का मॅडम?" हो, अजून नाणीच. लोणचं पण मुरायला वेळ लागतो की.

नाण्यांनंतर मी कॉम्प्युटर घेतला आणि तिथं मला आधीच्या धड्यांचा फार राग आला. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, सीपीयू, "कॉम्प्युटर इज ॲन इलेक्ट्रॉनिक मशीन", पाठ करा, संपलं. अहो, ही पोरं दिवसभर मोबाईलवर स्किप ॲड, स्टोरेज फुल, डिलीट फॉर एव्हरीवन असलं इंग्रजी आपल्याआधी वाचतात, त्यांना माऊसचं चित्र रंगवायला देताय? त्यात परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पुस्तकावर क्यूआर कोड लावणारा मास्तर आपल्या जिल्ह्याचा म्हणून, आणि वर्गात परत माऊसचं चित्र!

कॉम्प्युटरची गोष्ट सोलापूरच्या पोरांना मागापासून सांगायला पाहिजे. १८०४ साली फ्रान्समध्ये ल्याँ शहरात जॅकार्डनं माग केला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा. त्याच पुठ्ठ्यांवरून इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या हिशेबाच्या यंत्राला हुकूम द्यायची कल्पना घेतली, आणि १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं लिहून ठेवलं की जॅकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत हॉलरिथनं भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली, आणि त्याच्या कंपनीचा धागा थेट आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीपर्यंत जातो. आणि आपल्या चादरीवरचा मोर कशावर विणला जायचा? जॅकार्डवर!

हा उतारा चालू असताना एक पोरगा, वडील पॉवरलूमवर, एरवी तोंड उघडत नाही, तो मध्येच म्हणाला, "हे अर्धंच लिहिलंय." काय अर्धं? मग उठून फळ्यावर चित्र काढून दाखवलं, भोक असलं की सुई आत जाते आणि हूक वर उचलला जातो, उभा धागा वर, भोक नसलं की सुई मागं ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. "आणि आता पुठ्ठे कुठायत मॅडम, मोठ्या कारखान्यात डिझाईन पेनड्राईव्हमधून टाकतात." शेवटची ओळ त्यानं माझ्या इंग्रजी उताऱ्याखाली स्वतः जोडली, "नाऊ पेनड्राईव्ह." क्रियापद नाही त्यात. मी चालवून घेतलं, व्याकरणवाल्यांनी मला ब्लॉक केलं तरी चालेल.

तर आता कामाचं. कुणाकडं जॅकार्डचे जुने पुठ्ठे पडले असतील, फाटके चालतील, तर रद्दीत घालायच्या आधी मला इनबॉक्स करा, मी स्वतः येऊन नेते, अक्कलकोट रोडपर्यंत कुठंही. जुनी नाणी डबल असतील तर ती पण चालतील, हालीचा रुपया कुणाकडं असला तर नुसता बघायला द्या, परत करीन. फक्त कमेंटमध्ये येऊन दहा लाखाचा भाव सांगू नका, त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचं पत्रक तयार आहे आणि ते आता माझी सातवीची पोरंच वाचून दाखवतील.