भिंतीवरचे ते खड्डे कशाचे?

तुमची सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. स्पेनच्या यादवी युद्धाच्या (१९३६-३९) खुणा दाखवणाऱ्या बार्सिलोनातल्या स्मृतिफेरीवर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: मी एकाच बाजूचे मृत मोजले, ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वीच्या जखमेची खपली उगाच काढली, आणि शिवाय मराठी माणसाला स्पेनच्या यादवीशी काय देणंघेणं?

पहिला मुद्दा मान्य. रिपब्लिकच्या, म्हणजे तेव्हाच्या निवडून आलेल्या सरकारच्या, ताब्यातल्या भागात साडेसहा हजारांहून जास्त धर्मगुरू आणि नन मारले गेले. १९३६च्या नोव्हेंबरात तुरुंगातल्या कैद्यांना माद्रिदजवळच्या पाराकुएयोसला नेऊन गोळ्या घातल्या. हे माझ्या लेखात यायलाच हवं होतं. पण या मृतांची नावं, त्या सरकारविरुद्धचं युद्ध जिंकून हुकूमशहा झालेल्या जनरल फ्रँकोच्या राज्यात चर्चच्या भिंतींवर कोरली गेली, 'देवासाठी आणि स्पेनसाठी' अशा मथळ्याखाली. हरलेल्यांच्या घरी मात्र १९७५ मध्ये फ्रँको मरेपर्यंत रडायचीही चोरी होती. गोळ्या घालून पुरलेला बाप कुठल्या खड्ड्यात आहे हे गावाला ठाऊक असायचं, पण बोलायचं कोणी?

खपलीचं म्हणाल, तर बार्सिलोनाच्या सान फेलिप नेरी चौकातली चर्चची भिंत डोळ्यांसमोर आणा. ३० जानेवारी १९३८ ला फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या इटालियन विमानांनी इथे बॉम्ब टाकले. चर्चच्या तळघरात आसरा घेतलेली मुलं होती. ४२ जीव गेले, त्यातली बहुतेक मुलंच. दर्शनी भिंतीतले खड्डे आजही तसेच आहेत, काहींत माझी मूठ मावते. युद्धानंतर लोकांत पसरवलं गेलं की इथे धर्मगुरूंना उभं करून गोळ्या घातल्या, त्याच्या या खुणा. गोळ्यांच्या खुणा छातीच्या उंचीला असतील. इथे त्या माणसाच्या डोक्याच्याही कितीतरी वर चढल्या आहेत. नुसती मान वर केली तरी कळतं. तरी वर्षानुवर्षं ती गोष्ट चालली, कारण मेलेल्या मुलांबद्दल चौकात उभं राहून बोलायची सोयच नव्हती.

फेरीत आमच्यासोबत एक आजी होत्या. एका खड्ड्यावर तळवा ठेवून त्या हलकेच म्हणाल्या, "आईने मला गोळ्यांचीच गोष्ट सांगितली होती." पुढे काही बोलल्या नाहीत. तेवढ्यात शेजारच्या शाळेची मुलं सुट्टीत चौकात आली आणि चेंडू त्याच भिंतीवर आपटायला लागला. याला मी खपली काढणं कसं म्हणू? जखमेवर खोटं नाव चिकटवलं होतं, ते काढायचं काम चाललंय.

आणि हे काम सरकारने सुरू केलेलं नाही. २००० च्या ऑक्टोबरात एमिलियो सिल्वा या पत्रकाराने आजोबांच्या शोधात प्रियारान्सा देल बिएर्सो गावाजवळ रस्त्याकडेची कबर उकरून घेतली. १३ जणांचे सांगाडे निघाले. पुढे डीएनए तपासणीतून आजोबांची ओळख पटली. ऐतिहासिक स्मृतीचा कायदा संसदेने केला तो त्यानंतर, २००७ मध्ये.

राहिला आपला संबंध. तुम्ही नागपूरहून लिहिता, म्हणून हे आवर्जून सांगते. तुमच्याच नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह, पत्रकारितेच्या शिक्षणासाठी लंडनला गेले आणि तिथून 'जॉन स्मिथ' या नावाने इंटरनॅशनल ब्रिगेडमध्ये, म्हणजे परदेशी स्वयंसेवकांच्या फौजेत, दाखल होऊन रिपब्लिकच्या बाजूने लढले. १९३८ मध्ये ते फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले. बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या मठात त्यांना कैदेत ठेवलं होतं. तिथून सुटून ते मायदेशी परतले. संघाचा सरकार्यवाह ते फॅसिझमविरुद्धचा सैनिक हा एवढा मोठा प्रवास एका माणसाने केला, आणि आपल्याकडे किती जणांना तो माहीत आहे?

पुढच्या फेरीत मला हुद्दारांबद्दल दहा मिनिटं बोलायला मिळणार आहेत. नागपुरात त्यांना पाहिलेलं, ऐकलेलं कोणी तुमच्या ओळखीत असेल तर कृपया कळवा. तुमच्या नावानिशी ती आठवण मी तिथे सांगेन.