दोन्ही अलादिन हवेत

१९९३ साली 'अलादिन' नावाचे दोन गेम आले. एक सेगाच्या मेगा ड्राइव्ह या गेम कन्सोलवर, दुसरा निन्टेंडो कंपनीच्या सुपर निन्टेंडोवर. डिस्नीचा सिनेमा एकच, नाव एकच, साल एकच, गेम मात्र पूर्ण वेगळे. मेगा ड्राइव्हवरच्या अलादिनच्या हातात तलवार आहे, तो सपासप वार करत बाजारातून पुढे सरकतो. सुपर निन्टेंडोवरच्या अलादिनकडे तलवारच नाही. तो शत्रूच्या डोक्यावर उडी मारतो, सफरचंदं फेकतो, दांड्याला लोंबकळून झोका घेतो आणि पुढच्या छतावर जातो. पहिला गेम व्हर्जिन कंपनीत डेव्हिड पेरी यांच्या टीमने केला आणि त्यातल्या हालचाली डिस्नीच्या अ‍ॅनिमेटर्सनी हाताने काढल्या. दुसरा कॅपकॉम कंपनीचा. त्याच्या डिझाइनमध्ये शिंजी मिकामी होते, ज्यांचा 'रेसिडेंट इव्हिल' तीन वर्षांनी आला.

डिस्नीच्या जुन्या गेम्सचं कलेक्शन २०१९ मध्ये आलं, तेव्हा त्यात मेगा ड्राइव्हचा अलादिन होता, गेम बॉयवरचाही होता. सुपर निन्टेंडोचा नव्हता. तो यायला २०२१ उजाडलं. ज्यांनी लहानपणी तो एकच अलादिन खेळला होता, त्यांना दोन वर्षं असं सांगितलं गेलं की तुमचा गेम यात नाही, पण हाच तो अलादिन समजून घ्या.

मला जे म्हणायचंय ते नेमकं इथे आहे. हल्ली रेट्रो कलेक्शन्स भरपूर येतात आणि मी त्यातली बरीच घेतो. पण त्यातली बहुतेक 'सेगा की निन्टेंडो' या जुन्या भांडणाचा फक्त निकाल देतात. भांडण देत नाहीत. कोणती आवृत्ती 'खरी', कोणती 'चांगली', हे कंपनी आधीच ठरवते, ती एकच डिस्कवर टाकते आणि बाकीच्या बाद. त्या काळाची आठवण काढायची तर दोन्ही बाजू समोर हव्यात, कारण गंमत एकट्या गेममध्ये नव्हती. एकच गोष्ट दोन यंत्रांवर दोन तऱ्हांनी कशी घडते, यात ती होती.

आमच्या घरी मेगा ड्राइव्ह होता आणि मावसभावाकडे सुपर निन्टेंडो. मला सगळ्यात आधी जाणवला तो आवाजातला फरक. माझ्या घरचा आवाज धातूसारखा, करकरीत, बेस अंगावर येणारा. त्याच्याकडचा मऊ, घुमणारा, लांबून वाद्यवृंद वाजत असल्यासारखा. तेव्हा वाटायचं, त्याच्या टीव्हीचा स्पीकर चांगला असेल. कारण खूप नंतर कळलं. मेगा ड्राइव्हमध्ये यामाहाची एफएम सिंथेसिस चिप होती. सहा चॅनल, आणि आवाज तिथल्या तिथे गणिताने घडवायचा. सुपर निन्टेंडोमध्ये सोनीची चिप होती, केन कुतारागी यांनी केलेली. तिला आठ चॅनल होते आणि ती खऱ्या वाद्यांचे छोटे नमुने वाजवायची, पण ते सगळे ६४ केबीत कोंबावे लागायचे. म्हणजे एकीकडे संगीतकार वाद्यच बनवत होता आणि दुसरीकडे हातात आलेल्या इवल्याशा नमुन्यांतून वाद्यवृंद उभा करत होता. 'स्ट्रीट्स ऑफ रेज'चं युझो कोशिरो यांचं संगीत त्या यामाहा चिपवरच तसं वाजतं. ते गुळगुळीत केलं की मेलं.

प्रोसेसरचंही तसंच. मेगा ड्राइव्हचा मोटोरोला ६८००० साधारण साडेसात मेगाहर्ट्झवर चालायचा, सुपर निन्टेंडोचा जास्तीत जास्त साडेतीनवर. दोन वेगळ्या घराण्यांचे प्रोसेसर असल्यामुळे नुसते आकडे समोरासमोर ठेवून चालत नाही, हे मान्य. पण सेगाच्या गेम्सना वेग आवडायचा, यामागे फक्त जाहिरात नव्हती. उलट रंगांत सुपर निन्टेंडोने सेगाला कुठल्या कुठे मागे टाकलं होतं. त्याच्याकडे निवडायला ३२,७६८ रंग होते, मेगा ड्राइव्हकडे ५१२. शिवाय अर्धपारदर्शक थर होते, अख्खी जमीन फिरवणारा आणि लहानमोठी करणारा मोड ७ होता. त्यामुळे एकीकडे 'सॉनिक' जन्मला आणि दुसरीकडे 'एफ-झीरो'. दोन्ही वेगाचे गेम, पण वेग दाखवायच्या रीती दोन.

आता एक गोष्ट जरा जवळून बघा. पहिल्या 'सॉनिक'मधले ग्रीन हिल झोनचे धबधबे. मेगा ड्राइव्हला सुपर निन्टेंडोसारखे दोन थरांचे रंग मिसळता येत नव्हते. मग कलाकारांनी काय केलं? धबधबा सलग न रंगवता उभ्या बारीक रेघांत रंगवला. एक रेघ पाण्याची, एक रिकामी, पुन्हा एक पाण्याची. जुन्या ट्यूबच्या टीव्हीला कॉम्पोझिट केबल लावली की सिग्नल इतका फिसकटायचा की शेजारच्या रेघा एकमेकींत मिसळायच्या, आणि डोळ्यांना पाण्याआडून मागचा डोंगर दिसायचा. केबलचा दोष त्यांनी रंगपेटीत घेतला होता. तोच गेम आजच्या धारदार स्क्रीनवर चालवा, धबधब्याच्या जागी गजांची जाळी दिसते. कलेक्शन काढणाऱ्यांनी एचडी म्हणून मिरवावं आणि त्या एचडीनेच चित्र मोडावं, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. बऱ्याच कलेक्शन्समध्ये 'सीआरटी फिल्टर', म्हणजे ट्यूबच्या टीव्हीची नक्कल, असतो, पण त्यातले कितीतरी नुसत्या आडव्या काळ्या रेघा मारतात. धबधब्याला त्यांचा काही उपयोग नाही. तिथे रंग आडवे मिसळायला हवेत.

'मॉर्टल कोम्बॅट'ची कथा बहुतेकांना माहीत आहे, पण तिचा अर्थ लावताना लोक घाई करतात असं मला वाटतं. १३ सप्टेंबर १९९३, 'मॉर्टल मंडे', म्हणजे हा मारामारीचा गेम घरगुती कन्सोलवर आला तो दिवस. सुपर निन्टेंडोवरचा गेम दिसायला आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मूळ यंत्राच्या, जास्त जवळ, पण निन्टेंडोच्या धोरणामुळे रक्त गायब. ठोसा बसला की राखाडी घाम उडायचा. मेगा ड्राइव्हवर चित्रं फिकी, रंग कमी, पण ए, बी, ए, सी, ए, बी, बी एवढं दाबलं की रक्त हजर. खप मेगा ड्राइव्हचा जास्त झाला. डिसेंबरात अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या, १९९४ मध्ये ईएसआरबी या संस्थेची गेम्सना वयोगट देण्याची पद्धत आली आणि 'मॉर्टल कोम्बॅट २' सुपर निन्टेंडोवर रक्तासकट आला. आज एखाद्या कलेक्शनमध्ये फक्त आर्केड आवृत्ती टाकली तर हा सगळा इतिहास तुम्हाला गेममध्ये दिसणारच नाही. घाम दिसला पाहिजे. तो कापलेला, सोवळा गेम हातात घेतल्याशिवाय त्या काळी दोन कंपन्या दोन वेगळ्या गिऱ्हाइकांकडे बघत होत्या हे पटत नाही. २०२५ मध्ये डिजिटल एक्लिप्स कंपनीने या मालिकेचं कलेक्शन काढलं, त्यात आर्केडच्या जोडीला दोन्ही घरगुती आवृत्त्या दिल्या. असं पाहिजे.

याच लोकांनी २०२२ मध्ये निन्जा कासवांचं 'काउअबंगा कलेक्शन' केलं होतं. त्यात 'टूर्नामेंट फायटर्स' तीनदा आहे. एनईएसचा (सुपर निन्टेंडोच्या आधीचा निन्टेंडोचा कन्सोल), सुपर निन्टेंडोचा, मेगा ड्राइव्हचा. तिन्हींचं नाव एक, पण पात्रांची यादी वेगळी, कथा वेगळी, हाताला लागणारं वजन वेगळं. मेगा ड्राइव्हवाला कच्चा आहे, यात वाद नाही. पण तो कच्चा का आहे, हे सुपर निन्टेंडोवाला पाच मिनिटं खेळून लगेच त्यावर उडी मारली की समजतं. त्यासाठी दोन्ही एकाच मेन्यूत असणं लागतं. कोनामीच्या २०१९ च्या 'कॅसलव्हेनिया' कलेक्शनमध्येही 'सुपर कॅसलव्हेनिया ४' आणि मेगा ड्राइव्हचा 'ब्लडलाइन्स' शेजारी शेजारी बसलेत. तेव्हा ते दोन्ही घरी असणारी मुलं फार थोडी होती.

"ती सगळी स्पर्धा मार्केटिंगची होती रे" असं म्हणणारे मित्र मलाही आहेत. बरंचसं होतंच. सेगाने 'ब्लास्ट प्रोसेसिंग' हा शब्द असा वापरला की यंत्रात काही जादू आहे असं वाटावं. सेगाच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्की यांनी तिथे कन्सोलबरोबर 'ऑल्टर्ड बीस्ट'ऐवजी 'सॉनिक' द्यायला सुरुवात केली, किंमत उतरवली, आणि जाहिरातींत निन्टेंडोला नाव घेऊन डिवचलं. पण त्या वेळची बाजारपेठही विसरू नका. एनईएसच्या काळात अमेरिकेत निन्टेंडो बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला पाचच गेम काढू द्यायचा आणि तो गेम दोन वर्षं दुसऱ्या कन्सोलवर न्यायला मनाई असायची. सेगा उभी राहिली नसती तर ही मिठी सैल झाली असती का? मला नाही वाटत. शाळेच्या मधल्या सुट्टीत आपण तावातावाने भांडत होतो ते माहिती न घेताच, हे खरं. पण ज्यावर भांडत होतो तो फरक खरा होता. जाहिरात खोटी असू शकते, चिप खोटी नव्हती.

आणि आजच्या कन्सोलच्या वादात मला तेवढा रस का वाटत नाही, त्याचंही कारण हेच. आज दोन प्रतिस्पर्धी कन्सोलवर बहुतेक मोठे गेम जवळपास सारखेच दिसतात. फरक शोधायला एकेक फ्रेम थांबवून, चित्र मोठं करून बघावं लागतं. गेमसाठी ही चांगलीच गोष्ट आहे, कुणाच्याच वाट्याला अर्धवट माल येत नाही. पण त्या वेळी मर्यादेतून जो नवा उपाय निघायचा, तो आता निघत नाही.

एक आठवण मात्र अजून बोचते. सेगा आणि निन्टेंडोचे कन्सोल एकाच दिवशी बाजारात उतरले होते, १५ जुलै १९८३, जपानमध्ये. सेगाचा एसजी-१००० आणि निन्टेंडोचा फॅमिकॉम. तिथून साडेसतरा वर्षांनी, जानेवारी २००१ मध्ये, सेगाने ड्रीमकास्ट हा आपला कन्सोल बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि ते वर्ष संपायच्या आत सॉनिक निन्टेंडोच्या यंत्रांवर धावायला लागला. २००२ मध्ये 'सॉनिक मेगा कलेक्शन' आलं तेही निन्टेंडोच्या गेमक्यूब कन्सोलवर. मेगा ड्राइव्हवरचा सॉनिकचा खजिना, निन्टेंडोच्या छोट्या डिस्कवर. मी ते घेतलं आणि मनापासून खेळलो. तरी सुरुवातीला सेगाचा लोगो आला की काहीतरी चुकतंय असं वाटत राहायचं. २०२१ पासून तर मेगा ड्राइव्हचे गेम निन्टेंडो स्विच ऑनलाइनच्या वर्गणीत मिळतात. आजच्या मुलांना त्यात काहीच वावगं वाटणार नाही, आणि वाटूही नये.

माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. या कंपन्या एका हाताने आठवण विकतात आणि दुसऱ्या हाताने काढून घेतात. मे २०२२ मध्ये, 'सॉनिक ओरिजिन्स' यायच्या आधी, सेगाने सॉनिकच्या जुन्या डिजिटल आवृत्त्या बहुतेक दुकानांतून उतरवल्या. नव्या कलेक्शनमध्ये 'सॉनिक ३'च्या काही टप्प्यांचं संगीत बदललेलं निघालं. त्यातल्या आइस कॅप या टप्प्याची ती मूळ चाल तिथे नाही. ती ऐकायची असेल तर पुन्हा जुनी कार्ट्रिज शोधा. डिसेंबर २०२४ मध्ये 'मेगा ड्राइव्ह क्लासिक्स' हे कलेक्शनही विक्रीतून काढलं. निन्टेंडो यात मागे नाही. 'सुपर मारिओ ३डी ऑल-स्टार्स' ३१ मार्च २०२१ पर्यंतच विकलं गेलं, आधीच जाहीर करून. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० आधी निघालेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळतच नाहीत. म्हणजे कलेक्शन्सची एवढी गर्दी दिसते, ती उरलेल्या तेरा टक्क्यांत पुन्हा पुन्हा फिरणारी आहे.

अशा वेळी "मूळ आर्केड आवृत्ती दिली की झालं, घरगुती आवृत्त्या म्हणजे नकला" हा युक्तिवाद मला मान्य नाही. 'स्ट्रीट फायटर'चं २०१८ चं तिसाव्या वर्षाचं कलेक्शन बघा. बारा गेम, सगळे आर्केडचे. काम नीट केलंय, जुनी कागदपत्रं, चित्रं, सगळं आहे. पण १९९२ मध्ये सुपर निन्टेंडोवर आलेला 'स्ट्रीट फायटर २' एकट्या त्या कन्सोलवर ६३ लाख खपला. कितीतरी लोकांसाठी 'स्ट्रीट फायटर २' म्हणजे तोच. मेगा ड्राइव्हवर तो पुढच्या वर्षी आला, आणि आमच्या कंट्रोलरला बटणं तीनच. तीन ठोसे, तीन लाथा, एकूण सहा हवीत. मग स्टार्ट दाबून ठोशांवरून लाथांवर जायचं आणि परत यायचं. सहा बटणांचा पॅडही त्याच सुमारास आला, पण तो सगळ्यांकडे लगेच नव्हता. स्टार्ट दाबत दाबत गाइल या लढवय्याचे डाव बसवलेली एक अख्खी पिढी आहे. दुसरा लढवय्या केन, त्याचा आवाज घसा बसल्यासारखा यायचा, आणि तोही आम्हाला पाठ होता.

कॅपकॉमने हे दोन्ही गेम आर्केडच्या शेजारी ठेवून द्यावेत. तीन बटणांची सोय सेटिंगमध्ये ठेवावी, केनचा आवाज साफ करू नये. मी पहिल्या दिवशी घेईन. तुम्ही कुठल्या बाजूचे होतात, आणि तुमच्या कन्सोलवरची कुठली आवृत्ती अजून एकाही कलेक्शनमध्ये आलेली नाही, ते खाली लिहा. मी यादी करतोय.