समोरच्याच्या गोलवर वाजलेली टाळी

गेल्या रविवारपासून डोक्यात एकच विषय घोळतोय म्हणून आज सगळं लिहून काढतोय, पोस्ट मोठी होणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच होती, आमच्या पेठेची. टीमची नावं मुद्दाम घेत नाही, कारण कुठल्या एका तालमीवर, म्हणजे टीमवर, खापर फोडायचं नाहीये, आणि हे चित्र कुठल्याही पेठेत बघायला मिळतंय. आम्ही एक गोलनं मागे होतो. सेकंड हाफ बराच सरलेला, ऊन उतरलेलं, आमची गॅलरी हलगीवर नुसती पेटलेली, कारण आमची पोरं जोर लावत होती आणि बरोबरी आता होतीय मग होतीय असं चाललेलं. आणि त्यांच्या अकरा नंबरच्या पोराला, असेल एकोणीस-वीसचा, अंगानं काडी, हाफ लाइनला अगदी आमच्या गॅलरीसमोर बॉल मिळाला. आमचा बॅक त्याच्यावर धावून गेला. त्या पोरानं काय केलं तर बॉल तळपायाखाली धरून जागेवर थांबला, फक्त थांबला, आमचा बॅक वेगात पुढं निघून गेला आणि हा आतून निघाला. दुसऱ्याला त्यानं नुसतं खांदा दाखवून फसवलं. डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीच्या, कोपऱ्यावर आल्यावर सगळ्या स्टेडियमला वाटलं की क्रॉस टाकणार, आमच्या कीपरलाही तेच वाटलं, तो एक पाऊल बाहेर सरकला आणि त्या एका पावलाच्या जागेतनं पोरानं बॉल जवळच्या पोस्टला घातला. दोन-शून्य.

हलगी थांबली. आमची अख्खी गॅलरी चिडीचूप. आणि त्या शांततेत माझ्या शेजारी टाळी वाजली. एकट्याची. आमचे तात्या. सत्तरी ओलांडलीय, आमच्या तालमीची मॅच चुकवलेली मला तरी आठवत नाही, पायात त्रास आहे म्हणून आम्ही दोघं धरून पायऱ्या चढवतो. ते बसल्या बसल्या चार-पाच टाळ्या वाजवून म्हणाले, "वा रं पोरा, वा!"

मागनं लगेच आवाज आला, "तात्या, पेठ बदलली काय?" दुसरा एकजण ह्याच्यापेक्षा वाईट बोलला, ते इथं लिहीत नाही. तात्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. संध्याकाळी कुणीतरी त्यांचा टाळ्या वाजवतानाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, घरचा भेदी. त्याच्यावर हसण्याच्या इमोजी पडत गेल्या, मी मोजत बसलो नाही.

मला ते फार लागलं. ज्या माणसानं आमच्या टीमसाठी आयुष्यभर घसा कोरडा केला त्याला आमचीच पोरं भेदी म्हणतात, आणि कशासाठी, तर एक चांगला गोल बघून त्याच्या हातनं टाळी वाजली म्हणून?

कॉलेजात असताना, 2007 च्या आसपासची गोष्ट, सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून आम्ही यूट्यूबवर फुटबॉल बघायचो. तिथं मी पहिल्यांदा 19 नोव्हेंबर 2005 ची ती मॅच बघितली, रेयाल माद्रिद विरुद्ध बार्सिलोना, माद्रिदच्या बर्नाबेऊ स्टेडियमवर. माद्रिदकडं झिदान, बेकहॅम, ब्राझीलवाला रोनाल्डो, राऊल, रॉबर्टो कार्लोस, सगळे एकाच टीममध्ये. आणि जिंकलं कोण तर बार्सिलोना, तीन-शून्य. पहिला गोल एटूचा, पुढचे दोन रोनाल्डिन्होचे, दोन्ही डावीकडनं, दोन्ही वेळा सर्जिओ रामोसला मागं टाकून. तेव्हा रामोस नवा होता, तरणाबांड, वेगवान, तरी रोनाल्डिन्हो त्याच्या बाजूनं असा निघून गेला की जणू तिथं कुणी उभंच नाही. आणि रोनाल्डिन्होचा दुसरा गोल झाल्यावर माद्रिदचे लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. कॅमेरा स्टँडवर फिरतो तेव्हा एक मिशीवाला माणूस दिसतो, उभा राहून टाळ्या वाजवतोय. त्याचा चेहरा मी कितीतरी वेळा मागं घेऊन बघितला असेल. आनंदी चेहरा नाही तो. हरल्याचं दुःख तोंडावर तसंच आहे आणि हात मात्र वाजतायत.

ह्या टाळीची किंमत कळायला त्याच्या तीन वर्षं आधीचं बघायला पाहिजे. लुईस फिगो 2000 साली बार्सिलोना सोडून माद्रिदला गेला आणि नोव्हेंबर 2002 मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर तो कॉर्नर मारायला गेला की वरनं वस्तूंचा पाऊस पडायचा, बाटल्या काय, काहीही काय, आणि त्या पसाऱ्यात डुकराचं मुंडकं सापडलं. मॅच काही वेळ थांबवावी लागली. ह्याच दोन टीम, हेच वैर. म्हणजे बर्नाबेऊतले लोक काय फार मऊ मनाचे, सगळ्यांना आपलं मानणारे होते अशातला भाग नाही. वैर पुरेपूर होतं आणि तरी उठले.

आता काहीजण म्हणतात, त्या टाळ्या रोनाल्डिन्होसाठी नव्हत्याच, माद्रिदवाले आपल्याच टीमवर चिडलेले होते, एवढे पैसे ओतून टीम उभी केली आणि ही अवस्था, म्हणून स्वतःच्या खेळाडूंना लाजवायला त्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. त्यांचे कोच लक्झेंबुर्गो पुढच्या पंधरा-सोळा दिवसांत घरी गेले, म्हणजे राग होताच. पण आपल्या टीमवर राग काढायला बर्नाबेऊत वेगळी पद्धत आहे, पांढरे रुमाल फडकवतात, शिट्ट्या मारतात. रागाला वाट हवीच असेल तर ती तयार आहे. उठून टाळ्या वाजवायचं कारण दुसरं असतं. आणि ही त्या स्टेडियमची पहिली वेळ पण नव्हती. 1983 मध्ये बार्सिलोनाकडनं खेळणाऱ्या माराडोनानं तिथंच कीपरला चकवलं, समोर गोल रिकामा, तरी लगेच बॉल आत ढकलला नाही, मागनं घसरत येणाऱ्या डिफेंडरला येऊ दिलं, तो बिचारा जाऊन पोस्टवर आदळला आणि मग माराडोनानं शांतपणे गोल केला. त्यालाही माद्रिदच्या लोकांनी दाद दिली. 2008 मध्ये युव्हेंटसच्या डेल पिएरोनं दोन गोल घातले, तो बाहेर जाताना उठून टाळ्या. 2015 मध्ये बार्सिलोनानं चार-शून्यनं धुतलं आणि इनिएस्टा बाहेर जाताना टाळ्या.

मला वैयक्तिक सगळ्यात जवळची वाटते ती ओल्ड ट्रॅफर्डची मॅच. 23 एप्रिल 2003, चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल, मँचेस्टर युनायटेड पहिली मॅच रेयालकडनं माद्रिदमध्ये तीन-एक हरून आलेली, म्हणजे घरच्या मैदानावर सगळं उलटवायचं होतं. रोनाल्डोनं, ब्राझीलच्या, तीन गोल घातले. तिसरा तर लांबनं, डीच्या बऱ्यापैकी बाहेरनं असा हाणला की युनायटेडचा कीपर बार्थेजला काही करताच आलं नाही. सदुसष्टाव्या मिनिटाला त्याला बाहेर घेतलं आणि ज्यांचं सगळं स्वप्न ह्या माणसानं मोडलं होतं ते लोक उभे राहिले. बदली म्हणून आलेल्या, तेव्हा युनायटेडकडं असलेल्या बेकहॅमनं नंतर दोन गोल घातले, युनायटेडनं ती मॅच चार-तीन जिंकली पण दोन्ही मॅच मिळून सहा-पाचनं बाहेर गेले. म्हणजे टाळी वाजवली म्हणून त्यांची टीम कमी लढली का? टाळ्यांनंतर दोन गोल झाले की.

युव्हेंटसच्या ट्युरिनचं तर अजून अवघड. 3 एप्रिल 2018. त्याच्या आदल्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये रेयाल माद्रिदनं युव्हेंटसला चार-एक हरवलेलं आणि त्यात ख्रिस्तियानो रोनाल्डोचे दोन गोल. जखम ताजी होती. त्यात हा तिसऱ्याच मिनिटाला पहिला गोल घालतो आणि सेकंड हाफला ती सिझर किक. पाठ गोलकडं, बॉल डोक्याच्या वर, आणि हा हवेत आडवा. युव्हेंटसचा कीपर बुफॉन जागेवरनं हललापण नाही, बघत राहिला. युव्हेंटसचे लोक उठून टाळ्या वाजवायला लागले आणि रोनाल्डोनं छातीवर हात ठेवून मान झुकवली. त्याच उन्हाळ्यात तो युव्हेंटसलाच गेला. त्या टाळ्यांमुळंच गेला असं मी म्हणत नाही, पण टाळ्या त्याच्या लक्षात राहिल्या असणार, कुणाच्या राहणार नाहीत?

आता मला काय वाटतं ते सांगतो. लोक ह्याला खिलाडूवृत्ती म्हणतात आणि शाळेच्या बक्षीस समारंभासारखं करून टाकतात. मला तो शब्द इथं पुरेसा वाटत नाही. खिलाडूवृत्ती म्हणजे ठरवून केलेली गोष्ट, की बाबा हरलो तरी हात मिळवायचा. तात्यांनी काही ठरवलं नव्हतं. ज्याला खेळ आतून कळतो त्याच्या हाताला विचार करायला वेळच मिळत नाही. त्या पोरानं तळपायाखाली बॉल धरून जो अर्धा सेकंद थांबायचं धाडस केलं, ते किती अवघड आहे, मॅच भरात असताना, समोरनं माणूस तुटून पडत असताना थांबायचं, हे तात्यांना कळलं. मागं बसून शिव्या देणाऱ्या पोराला फक्त एवढंच कळलं की गोल झाला आणि तो आपल्यावर झाला. मग ह्या दोघांत जास्त फुटबॉलवेडा कोण?

आणि आपण तर कोल्हापूरचे. आपल्या टीमला आपण क्लब म्हणत नाही, तालीम म्हणतो. तालीम हा शब्द कुस्तीचा आहे, लाल मातीचा. शाहू महाराजांनी खासबाग बांधलं ते असं, खोलगट, की कुठंही बसलं तरी डाव दिसला पाहिजे. डाव दिसला पाहिजे, हे महत्त्वाचं. आणि मातीत पंजाबचा पैलवान असो नाहीतर दिल्लीचा, त्यानं डाव देखणा टाकला तर शिट्ट्या-टाळ्या पडायच्या आणि जाणती माणसं बक्षीस पुकारायची, हे आम्ही घरात ऐकत मोठे झालोय. मग मातीवर जमायचं ते गवतावर का जमू नये?

अजून एक गोष्ट बोलतो, कुणाला लागली तर लागू दे. वर्ल्ड कप आला की आपल्या गल्लीगल्लीत मेस्सी, रोनाल्डो, नेमारचे बोर्ड लागतात, एवढे मोठे की रस्ता झाकतो. भिंती रंगवतात. अर्जेंटिना जिंकली की दसरा चौकात काय नाचलोय आपण. त्या माणसांना आपली पेठ कुठं आहे ते माहीतपण नाही. आणि चार गल्ल्या पलीकडचा पोरगा, जो सकाळी आपल्याच गाड्यावर मिसळ खातो, ज्याचा बाप आपल्या बापाबरोबर शाळेत होता, जो पहाटे उठून प्रॅक्टिस करतो, त्यानं आपल्या डोळ्यांदेखत एवढा सुंदर गोल केला तर त्याला एक टाळी नाही? अनिकेत जाधव 2017 ला अंडर-सेव्हन्टीन वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, आपला कोल्हापूरचा पोरगा म्हणून. तेव्हा कुणी पेठ विचारली होती का? तो अकरा नंबरचा पोरगा उद्या इंडियाकडनं खेळला तर हेच ग्रुपवाले आपला आपला करतील, आणि आज त्याला टाळी दिली म्हणून तात्या भेदी.

मी कुणाला गप्प बसा म्हणत नाही. मी स्वतः ओरडतो, आमच्या पोरावर फाऊल झाला की उठून उभा राहतो, समोरचा वेळ काढायला पाय धरून लोळला तर त्याला ऐकवतो, आणि हे सगळं पाहिजेच, नाहीतर मॅचला मजा काय. सगळ्यालाच टाळ्या वाजवणारा माणूस मला आवडत नाही, त्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं. पण ज्याचं पणाला लागलंय, जो हरल्यावर रात्री नीट जेवत नाही, त्याची टाळी सोन्याची असते. चेन्नईला 1999 च्या जानेवारीत सचिननं पाठ दुखत असताना 136 केले आणि तरी आपण पाकिस्तानकडनं बारा रननी हरलो, तेव्हा चेपॉकचे लोक उभे राहिले आणि पाकिस्तानच्या टीमनं मैदानाला फेरी मारली. त्या लोकांचं सचिनवर प्रेम कमी होतं असं कोण म्हणेल?

दुसऱ्या दिवशी मी तात्यांकडं गेलो. मला वाटलं व्हिडिओचं वाईट वाटलं असेल, त्यांची समजूत काढावी. ते व्हिडिओबद्दल एक शब्द बोलले नाहीत. चहा आल्यावर त्यांनी टेबलावर काडेपेटी ठेवली, ती आमचा बॅक, आणि चष्म्याचं घर, तो अकरा नंबर, आणि मला दाखवायला लागले. "हे बघ, त्यो थांबला ना, तवा आपला बॅक ह्या पायावर व्हता. ह्या पायावर असला की वळता येत न्हाई. त्या पोराला ते दिसलं. आपल्यानं जागेवर ऱ्हायला पायजे हुतं, अर्धं पाऊल मागं, आन् त्याला बाहेरच्या अंगाला काढायचा. उजवा पाय नुसता टेकायला हाय त्याचा, म्या बघितलंय." काडेपेटी चार वेळा मागंपुढं केली, चहा निवला तरी लक्ष नाही.

मी म्हटलं, तात्या, हे आमच्या कोचला सांगायला पाहिजे. म्हणाले, "सांगितलंय, सकाळीच फोन लावला."

पुढच्या महिन्यात परत त्याच टीमबरोबर आहे. तात्या म्हणाले, चारला नको, साडेतीनलाच ये गाडी घेऊन, त्या पोराच्या बाजूची जागा धरायची.