एका गोलाने राजधानी हलली नाही

२९ जुलै उजाडला की आमच्या नागपूरच्या धंतोलीतल्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. यंदाही आला. त्यात लिहिलं होतं: १९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबच्या अकरा अनवाणी खेळाडूंनी इतिहासात पहिल्यांदा गोऱ्यांना फुटबॉलमध्ये हरवलं, त्या धक्क्याने इंग्रजांनी त्याच वर्षी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेली, आणि त्यानंतर गोऱ्या पलटणी आपल्यापुढे कधी टिकल्या नाहीत. संध्याकाळी कामठीच्या मैदानावर माझ्याकडे फुटबॉल शिकणाऱ्या पोरांच्या मोबाइलमध्येही तेच होतं. एका पोराने विचारलं, "सर, एका मॅचने राजधानी हलली?" त्याला मैदानावर उभ्याउभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहितो.

सामना झाला, जिंकला, यात खोटं काही नाही. २९ जुलै १९११, कलकत्त्याचं मैदान, आयएफए शील्डची, म्हणजे इंडियन फुटबॉल असोसिएशनच्या स्पर्धेची, अंतिम लढत, समोर ब्रिटिश सैन्याची ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. पहिला गोल पलटणीच्या जॅक्सनने केला. मग कर्णधार शिवदास भादुडीने बरोबरी साधली आणि सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना अभिलाष घोषने दुसरा गोल मारला. २-१. गर्दी इतकी होती की मागच्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांना गोल कळावेत यासाठी पतंग उडवले गेले. हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. म्हणूनच त्याला खोट्याची जोड दिलेली मला सहन होत नाही.

आधी राजधानीचं घेऊ, कारण सगळ्यात जास्त विश्वास त्यावरच बसतो. तारखा पाहा. राजधानी दिल्लीला नेण्याचा प्रस्ताव व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या कौन्सिलातले गृहखात्याचे सदस्य जेंकिन्स यांनी जून १९११ मध्ये लेखी मांडला होता. त्या वर्षीच्या शील्डमध्ये मोहन बागान पहिला सामना खेळलं ते जुलैत. म्हणजे कागद आधी हलला, चेंडू नंतर. २५ ऑगस्टला हार्डिंग यांनी लंडनला पाठवलेल्या सविस्तर खलित्यातली कारणंही उपलब्ध आहेत: कलकत्ता देशाच्या पूर्वेच्या टोकाला पडतं, १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर कायदे कौन्सिलांचं महत्त्व वाढलं, केंद्र सरकारने एका प्रांताच्या सरकारच्या सावलीत बसू नये, आणि १९०५ ची बंगालची फाळणी मागे घ्यायची तर मुसलमान समाजाला जुन्या दिल्लीचा मान परत मिळाल्याचं समाधान द्यावं. १२ डिसेंबरच्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने दोन्ही गोष्टी एकत्रच जाहीर केल्या. फाळणीविरुद्ध बंगालने सहा वर्षं स्वदेशी, बहिष्कार, तुरुंग, बाँब सगळं करून पाहिलं होतं. सरकारला हादरा बसला तो त्याचा. तो हिशोब दोन गोलांच्या नावावर लिहिला की तुरुंगात गेलेल्यांचं काय उरतं?

आणि राजधानी कशी जाते हे आपल्याला कुणी शिकवावं? नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं. १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली. त्याआधी १९५३ चा नागपूर करार झाला, राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला, १९५५ ला त्याचा अहवाल आला, संसदेत कायदा झाला. घरातल्या म्हाताऱ्यांकडून ही कहाणी ऐकलेल्या नागपूरकराने तरी चार महिन्यांत एका सामन्याने राजधानी उठली हे पुढे पाठवू नये.

"पहिल्यांदा गोऱ्यांना हरवलं" हा दावा मला अधिक खटकतो, कारण त्यात आपल्याच लोकांचा अपमान आहे. १८९२ मध्येच शोभाबाजार क्लबने ट्रेड्स कपमध्ये ईस्ट सरे रेजिमेंटला हरवलं होतं. त्या क्लबमागे नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी होते, बंगाली मुलांना फुटबॉलची गोडी लावणारा माणूस. खुद्द मोहन बागानही एका रात्रीत उगवलं नाही. १८८९ ला स्थापना झाल्यावर पुढची पंधरा वर्षं मोठं काही हाती लागलं नाही. सैन्यातले सुभेदार शैलेन बसू क्लबचे सचिव झाले आणि त्यांनी खेळाडूंना पलटणीच्या शिस्तीत सराव आणि व्यायाम करायला लावला. मग १९०५ मध्ये ग्लॅडस्टन कपच्या अंतिम सामन्यात डलहौसी या युरोपियन संघावर ६-१ असा विजय आला. हे डलहौसी म्हणजे त्याच वर्षीचं शील्ड विजेतं. त्यानंतर १९०६, १९०७ आणि १९०८, सलग तीन वर्षं ट्रेड्स कप. १९११ मध्ये पहिल्यांदा जे घडलं ते असं की भारतीय संघाने आयएफए शील्ड जिंकली. तेवढं पुरेसं मोठं आहे. ही मधली वर्षं पुसली की मुलांना वाटतं, जिद्द असली की झालं. मी रोज संध्याकाळी त्यांना पासिंगचा तोच तो सराव कशासाठी करायला लावतो, हे मग त्यांना कळत नाही.

अकराही जण अनवाणी नव्हते. दहा होते. अकरावे सुधीर चॅटर्जी, बचावफळीतले, पेशाने शिक्षक आणि पुढे चर्चचे रेव्हरंड, बूट घालून खेळले. "अकरा अनवाणी" लिहिताना या माणसाच्या पायातले बूट काढून घेतले जातात. शिवाय बूट न घालणं हा काही इंग्रजांविरुद्धचा बाणा नव्हता. बूट महाग होते आणि पायांना सवय नव्हती. कोरड्या मैदानावर उघड्या पायाचा चेंडूवर चांगला ताबा राहतो, चिखलात मात्र तेच पाय घसरतात. आमच्याकडे हा मजकूर वाचून एका पोराने पावसात बूट काढून ठेवले आणि सहकाऱ्याच्या बुटाखाली त्याचा अंगठा चिरडला गेला. त्याच्या आईला काय सांगायचं ते मला सुचलं नव्हतं.

याच मजकुराच्या शेपटीला कधीकधी १९५० च्या विश्वचषकाचं जोडलेलं असतं, की फिफाने अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून भारत गेला नाही. १९५० च्या संघाचे कर्णधार झाले असते ते शैलेन मन्ना, मोहन बागानचेच. पायांचं कारण ही सारवासारव होती, असं त्यांनीच पुढे सांगितलं. फुटबॉल संघटनेला त्या काळी ऑलिंपिक जास्त महत्त्वाचं वाटत होतं.

राहिला शेवटचा दावा, गोऱ्या पलटणी नंतर टिकल्या नाहीत हा. १९११ नंतर दुसऱ्या भारतीय संघाने आयएफए शील्ड जिंकायला १९३६ उजाडलं आणि तो संघ होता मोहम्मेडन स्पोर्टिंग. मधली चोवीस वर्षं भारतीय संघ खेळत राहिले, हरत राहिले, पुन्हा नाव नोंदवत राहिले. मोहन बागानने शील्ड पुन्हा उचलली ती १९४७ मध्ये. पहिल्या विजयाला तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती, आणि अंतिम सामन्यात समोर गोरी पलटण नव्हती, कलकत्त्याचाच ईस्ट बंगाल क्लब होता.