मर्जीवरची श्रीमंती

पुतिनच्या रशियात खरी सत्ता अब्जाधीशांची आहे, असं बरेच जण ठामपणे लिहितात. मला ते पटत नाही. या धनाढ्यांचा सरकारवर वचक होता तो पुतिनच्या आधीचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या काळात. तो त्यांनी इतका वाईट वापरला की पुढच्या हुकूमशहाची वाट मोकळी झाली.

१९९५ साली रशियाच्या तिजोरीत खडखडाट होता. बँकवाल्यांनी सरकारला कर्ज द्यायचं आणि तेल-धातूच्या सरकारी कंपन्यांचे शेअर तारण घ्यायचे, अशी योजना निघाली. कर्ज फिटलं नाही, कंपन्या त्यांच्याच झाल्या. नोरिल्स्क निकेल या बड्या धातू कंपनीचा ३८ टक्के हिस्सा अवघ्या १७ कोटी डॉलरला गेला, आणि लिलाव चालवणारी बँक नि तो जिंकणारी बँक एकच! पुढच्या वर्षी कम्युनिस्ट झ्युगानोव निवडून येऊ नयेत म्हणून याच मंडळींनी पैसा आणि टीव्ही येल्त्सिनच्या मागे उभा केला. निवडणूक आणि बातमी दोन्हींवरचा लोकांचा विश्वास त्यांनीच घालवला. माझा खरा राग यावर आहे. कारण नंतर त्यांच्यावर वेळ आली तेव्हा त्यांच्यासाठी कळवळणारं फारसं कुणी उरलं नव्हतं.

जुलै २००० मध्ये पुतिननी बड्या उद्योगपतींना क्रेमलिनमध्ये बोलावलं. कमावलेलं राखा, राजकारणापासून लांब राहा, असा त्या भेटीचा अर्थ सगळ्यांनी घेतला. एनटीव्ही वाहिनीचे मालक गुसिन्स्की त्याआधीच तुरुंगाची हवा खाऊन आले होते. वर्षभराच्या आत वाहिनी सरकारच्या ताब्यातल्या गॅस कंपनीकडे, गाझप्रॉमकडे गेली. युकोस या तेल कंपनीचे मालक खोदोरकोव्स्की यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये पुतिनसमोर, कॅमेरे चालू असताना, भ्रष्टाचाराचा विषय काढला. ऑक्टोबरात अटक, मग दहा वर्षं तुरुंग. युकोसचा सगळ्यात मोठा तेलउत्पादक भाग कुणी नावही न ऐकलेल्या कंपनीने लिलावात घेतला आणि काही दिवसांतच तो सरकारी रोसनेफ्टच्या पदरात पडला. आपल्या हायवेवर नायराचे पंप दिसतात ना, त्या कंपनीत ४९ टक्के हिस्सा याच रोसनेफ्टचा आहे.

२०२२ मध्ये बँकवाले तिन्कोव युक्रेनवरच्या युद्धाविरुद्ध बोलले. काही दिवसांत त्यांना आपला हिस्सा विकावा लागला, तोही खऱ्या किमतीच्या जेमतेम तीन टक्क्यांना, असं ते स्वतः सांगतात.

‘निदान श्रीमंतांना वठणीवर तरी आणलं’ असं म्हणणाऱ्यांचा मला फार त्रास होतो. ती संपत्ती जनतेकडे आली कुठे? मालक बदलले, इतकंच. क्रिमियाला रशियाशी जोडणाऱ्या पुलाचं अब्जावधी रूबलचं कंत्राट २०१५ मध्ये निविदेशिवाय आर्काडी रोटेनबर्ग यांच्या कंपनीला मिळालं. हे गृहस्थ पुतिन यांचे तरुणपणापासूनचे ज्युदोतले जोडीदार.